भाजप आणि काँग्रेसच्या सोलापूरकर मंडळींना खुलं पत्र: जमीन सोडायची का नाही ते एकदाच काय ते सांगा

सोलापुरातल्या भाजप आणि काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांनो, कार्यकर्त्यांनो, नमस्कार.

मी एसटीचा रिटायर कंडक्टर. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी ह्या लाइनीला आणि मधी काही वर्षं गुलबर्ग्याच्या गाडीला अशी एकूण बत्तीस वर्षं ड्युटी केली. तुमच्यातले कितीतरी जण कॉलेजला असताना पास दाखवून माझ्याच गाडीतनं गेलेत, आज मोठे झालात, बघून बरं वाटतं. हे पत्र दिल्लीला धाडलं असतं तर कुणी उघडून बघितलं नसतं, तुम्ही मात्र दर इलेक्शनला माझ्या दारात येता, चहा घेता, आईच्या फोटोला हात जोडता, म्हणून तुम्हालाच लिहितोय, वर पोचवायचं काम तुमचं.

विषय असा की शेजारच्या देशाशी शांततेची बोलणी करताना आपली जमीन द्यायची का, अदलाबदल करायची का, का काही झालं तरी सोडायची नाही, ह्यावर तुमच्या पक्षाचं म्हणणं नक्की काय आहे ते मला कळंना झालंय. भाषणं ऐकली तर काय, एक इंचही देणार नाही, दोघांचंही तेच. पण जुने कागद, जुने पेपर काढून बघितले की दिसतं की सत्तेत असताना तुम्ही एक बोलता आणि समोरच्या बाकावर गेलात की बरोब्बर उलटं बोलता, आणि हे दोघांनीही आलटून पालटून केलंय.

हे आत्ताच का काढलं ते सांगतो. माझा पुतण्या फौजेत आहे, मधी लडाखला होता. गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी काढून आला, होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवलं, नंदीध्वजाचं दर्शन घेतलं, आणि रात्री घरी आलो तर टीव्हीवर चर्चा चाललेली. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते, एक म्हणतो तुम्ही चीनला जमीन दिली, दुसरा म्हणतो दिली ती तुम्ही १९६२ ला, आणि दोघंही नुसते ओरडतायत. पुतण्यानं पोरीला आवाज बंद करायला सांगितलं. मी विचारलं, तुला काय वाटतं रे? तर म्हणाला, काका, आम्हाला जिथपर्यंत जा म्हणतात तिथपर्यंत जातो आणि परत येतो, उद्या म्हणाले अलीकडंच थांबा तर अलीकडं थांबू, फक्त ही जागा पुढं बोलण्यात सोडायचीय असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आमचा माणूस तिथं पडायच्या आधी ठरवा. एवढं बोलला आणि जेवायला बसला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी वाचनालयात जाऊन बसायला लागलो, रिकामाच आहे, वेळ काय भरपूर. जे वाचलं त्यातलं एकच प्रकरण आधी नीट सांगतो, कारण ते तुम्हा दोघांचंही आहे आणि त्यात चांगलं पण आहे आणि वाईट पण.

बंगालात कूचबिहार नावाचं संस्थान होतं. त्या संस्थानाची गावं पलीकडच्या मुलखात आणि पलीकडची गावं ह्याच्या पोटात, अशी सगळी मिसळ. आता आपल्याला हे समजायला अवघड नाही, अक्कलकोट संस्थानाचं पिलीव तिकडं माळशिरसात होतंच की. पण आपल्याकडं संस्थान विलीन झालं तेव्हा दोन्हीकडं देश एकच होता, त्यामुळं पिलीवच्या माणसाचं काही बिघडलं नाही. कूचबिहारच्या माणसाच्या मधनं मात्र देशाची हद्द गेली. भारताची १११ गावठाणं बांगलादेशाच्या पोटात आणि त्यांची ५१ आपल्या पोटात राहिली. दहाला खग्राबाडी म्हणून एक जागा तर अशी होती की भारताचा तुकडा, तो बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात आणि तो परत बांगलादेशात. मी हे दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात बसलं. २०११ ला मोजणी झाली तेव्हा ह्या सगळ्या जागांत मिळून ५१ हजारांवर माणसं निघाली. त्यांना मत नाही, लाइट नाही, पोलीस नाही. शाळेत घालायचं तर पोराच्या नावापुढं दुसऱ्याच बापाचं नाव लावायचं, बाळंतपणाला बाई दवाखान्यात नेली तर नवऱ्याचं नाव खोटं सांगायचं. अहो, बापाचं नाव बदलून पोरगं शाळेत घालायचं म्हणजे काय असेल विचार करा, आपल्याकडं हाफ तिकिटासाठी पोराचं वय एक वर्ष कमी सांगताना सुद्धा आईची मान खाली जायची, ते मी रोज बघितलंय.

ह्याच्यावर इंदिराबाई आणि शेख मुजीब यांनी १६ मे १९७४ ला करार केला, एकमेकांत अडकलेली गावं बदलून घ्यायची. बांगलादेशानं त्याच वर्षी मंजूर केला. आपण केला नाही. काँग्रेसवाल्यांनो, तुमची सत्ता होती, त्यानंतर पण कितीतरी वर्षं होती, आणि ते मंजुरीचं बिल संसदेत यायला डिसेंबर २०१३ उजाडला. का? तर जमीन दिली असं कुणी म्हणेल ह्याची भीती. मनमोहनसिंग २०११ ला ढाक्याला जाऊन सही करून आले तरी परत दोन वर्षं गेली. आपल्या सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे तेव्हा देशाचे गृहमंत्री होते, म्हणजे हा विषय आपल्या गावापासून फार लांबचा होता असं पण म्हणता येत नाही.

आणि भाजपवाल्यांनो, बिल आलं तेव्हा तुम्ही काय केलं? विरोध. राज्यसभेत तुमचे नेते अरुण जेटली होते, त्यांचं म्हणणं होतं की देशाची भूमी हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, घटना दुरुस्त करून सुद्धा ती कमी करता येत नाही. मोठ्या वकिलाचं म्हणणं, मी कोण बोलणार. पण दीड वर्षात तुमचं सरकार आलं आणि तेच बिल, तोच १९७४ चा करार, तीच गावं, ६ मे २०१५ ला राज्यसभेत आणि ७ मे ला लोकसभेत पास झालं, एकही मत विरोधात नाही. मधी काही दिवस आसाम वगळून पास करायचा विचार चालला होता कारण तिकडं निवडणूक जवळ आलेली, मग तोही सोडला. लोकसभेत पास झाल्यावर मोदी स्वतः विरोधी बाकांपर्यंत चालत गेले आणि आभार मानले. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री गावं बदलली. भारताकडची १७ हजार एकर गेली, ७ हजार एकर आली, म्हणजे कागदावर दहा एक हजार एकर कमी झाली.

मी ह्याला वाईट म्हणत नाही, उलट मला तो निर्णय फार आवडला. जी जमीन आपण कधी धड बघितली नाही, जिथं आपला तलाठी जाऊ शकत नव्हता, ती आपली म्हणून काय उपयोग होता? आणि त्यात सगळ्यात चांगलं हे की माणसांना विचारलं, तुम्हाला कुठल्या देशात राहायचंय. आपल्याकडच्या तुकड्यांतले सगळे भारतीय झाले, तिकडचे हजाराच्या आसपास सामान बांधून इकडं आले, बाकीचे आपल्या घरादारापाशी राहिले आणि तिथले नागरिक झाले. पुढच्या वर्षी बंगालच्या विधानसभेला त्यांनी पहिल्यांदा मत दिलं, त्यात म्हातारी माणसं पण होती, अख्ख्या जन्मात पहिल्यांदा बोटाला शाई.

मग माझा प्रश्न एवढाच आहे की २०१५ ला बरोबर होतं ते २०१३ ला चूक कसं? दीड वर्षात त्या गावांत काय बदललं? मला तरी एकच गोष्ट दिसते, तुम्ही बसायची जागा बदलली. त्या दीड वर्षात तिथल्या बायका दवाखान्यात खोटीच नावं सांगत होत्या ना. आणि काँग्रेसवाल्यांनो, करार झाल्यापासनं बिल येईपर्यंतच्या एकोणचाळीस वर्षांत काय झालं तिथं, ते तुम्हीच सांगा.

जुना हिशोब पण असाच आहे, भराभर सांगतो. १९५८ ला नेहरूंनी बंगालातल्या बेरूबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं कबूल केलं, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल, १९६० ला ती पण झाली, आणि शेवटी बेरूबारी आपल्याकडंच राहिली. कच्छच्या रणाचा लवाद, १९६८ ला निकाल लागला, पाकिस्तानची मागणी ३,५०० चौरस मैलांची, पदरात पडला त्यातला साधारण दहावा हिस्सा, तरी जनसंघ, म्हणजे भाजपचा आधीचा पक्ष, आणि समाजवादी सत्याग्रहाला उतरले. पाकिस्तानबरोबरचा ताश्कंद करार, जानेवारी १९६६, काश्मीरमधली हाजी पीरची खिंड जवानांनी जिंकली होती ती परत दिली. त्या करारावरनं काँग्रेसचेच मंत्री महावीर त्यागी राजीनामा देऊन बाहेर पडले, खुर्ची सोडली त्या माणसानं, हे मला फार मोठं वाटतं. सिमला करार, जुलै १९७२, पश्चिमेकडं पाकिस्तानची जिंकलेली हजारो चौरस मैल जमीन परत, जनसंघ रस्त्यावर, वाजपेयी विरोधात. आणि तेच वाजपेयी पंतप्रधान झाल्यावर फेब्रुवारी १९९९ ला बसमधनं लाहोरला गेले आणि जो जाहीरनामा झाला त्यात सिमला कराराला आम्ही बांधील आहोत असं लिहून आले. बसनं गेले ह्याचा मला कंडक्टर म्हणून आनंदच झाला होता, आमच्या डेपोत तेव्हा दोन दिवस तोच विषय. पण मग १९७२ ला ज्यांनी तुमचं ऐकून मोर्चे काढले, त्यांना तुम्ही नंतर कधी सांगितलं का की आमचं मत का बदललं? नाही सांगितलं.

कच्चतीवूचं तर अगदी परवाचं आहे. २८५ एकरचं बेट, १९७४ च्या करारात श्रीलंकेकडं गेलं. २०२४ च्या लोकसभेला मोदींनी तो विषय काढला, काँग्रेसनं बेट देऊन टाकलं म्हणून. मग काँग्रेसनं २०१५ चं माहिती अधिकारातलं उत्तर काढलं, त्यात मोदी सरकारच्याच परराष्ट्र खात्यानं लिहिलंय की त्या जागेची हद्द कधी आखलीच नव्हती त्यामुळं जमीन घेतली किंवा दिली असं होत नाही. आता मी कुठलं खरं धरू? २०१५ चं का २०२४ चं? आणि रामेश्वरमच्या मच्छीमारांची बोट पकडली जाते तेव्हा त्यांना ह्या दोन उत्तरांतलं कुठलं कामाला येतं?

आता चीनचं. इथं मला जास्त काळजी आहे कारण हे अजून चालू आहे. अक्साई चीनची ३८ हजार चौरस किलोमीटर जमीन चीनकडं आहे हे राजनाथसिंहांनी संसदेत सांगितलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९६२ ला संसदेनं ठराव केला की आक्रमकाला हाकलून देऊ, लढा कितीही लांबला तरी. ऑगस्ट २०१९ ला अमित शहांनी लोकसभेत अक्साई चीनसाठी जीव देऊ असं सांगितलं. मग जून २०२० ला गलवान झालं, आपले २० जवान गेले, आणि चार दिवसांनी सर्वपक्षीय बैठकीनंतर पंतप्रधान म्हणाले की आपल्या हद्दीत कुणी घुसलेलं नाही. त्यानंतर गलवान, पँगाँग, गोगरा अशा जागांवर दोन्ही सैन्यं मागं आली आणि मधी मोकळे पट्टे ठेवले, लडाखमधल्या चुशूलकडचे लोक म्हणतात त्यात आमची हिवाळ्यातली चराईची जागा गेली. ऑक्टोबर २०२४ ला देप्सांग-देमचोकच्या गस्तीचा समझोता झाला. ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत दोन्ही देशांच्या प्रतिनिधींची २४ वी फेरी झाली, आणि हद्द आखायचं काम सोप्या टोकापासनं सुरू करता येईल का ते बघायला तज्ज्ञांचा गट नेमायचं ठरलं.

हद्द आखायची म्हणजे काय होतं ते आम्हा हद्दीवरच्यांना विचारा. रेघ आखायची म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी इकडचं तिकडं जातंच. २००५ ला मनमोहनसिंगांच्या वेळी चीनबरोबर जी तत्त्वं ठरली त्यात हद्दीवर वस्ती करून राहणाऱ्या लोकांचं हित सांभाळायचं असं कलम आहे, चांगलं कलम आहे, पण चुशूलच्या मेंढपाळाची वस्ती हिवाळ्यात एकीकडं आणि उन्हाळ्यात दुसरीकडं, त्याला वस्ती धरणार का नाही?

भाजपवाल्यांनो, उद्या ह्या बोलण्यात काही जागा सोडायची वेळ आली तर तुमचं सरकार सोडणार का? तुमचे कार्यकर्ते म्हणतात एक इंच नाही, आणि २०१५ ला तुम्हीच दाखवलंत की शहाणपणानं दहा हजार एकर देता येते. मग खरं कुठलं ते लोकांना सांगून टाका. आणि काँग्रेसवाल्यांनो, तुम्ही पाच वर्षं म्हणताय की एप्रिल २०२० ला होतं तसं झालं पाहिजे, चीनवर संसदेत चर्चा घ्या. चर्चेची मागणी बरोबरच आहे, मी तुमच्या बाजूनं आहे. पण उद्या तुमचं सरकार आलं तर तुम्ही एप्रिल २०२० वर अडून बसणार, का समझोता करून त्याला शांतता म्हणणार? हे आज सांगा, आत्ता तुम्ही विरोधात आहात तोवरच सांगा, कारण नंतर सांगितलेलं कुणी मानणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, कंडक्टरमामा, तुम्हाला कशाला एवढं लागलं, सोलापूरपासनं चीन किती लांब. तर ऐका. माझं मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात अगदी कर्नाटकाला चिकटून. आमच्या घरात आजी कानडीतनं रागवायची आणि मराठीतनं ओव्या म्हणायची. १९६७ ला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीच्या वादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूरची कितीतरी गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस होती, आणि आमच्या गावाला ते पेपरमधनं कळलं. राज्याची हद्द वेगळी आणि देशाची वेगळी हे मला समजतं, त्या दोन गोष्टी मी एक करत नाही. तिकडं गेलो असतो तरी भारतातच राहिलो असतो. पण आपलं गाव कुणाच्या तरी अहवालात मागच्या पानावर यादीत आहे आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, ही जी गोष्ट आहे ना, ती आमचे वडील मरेपर्यंत विसरले नाहीत.

आणि २०२२ चं तर तुम्हाला आठवत असेलच. नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी सोलापूर, अक्कलकोटचा कानडी भाग आम्हाला पाहिजे म्हणून सांगितलं, इकडं गाड्यांना काळं फासलं, तिकडं पण फासलं, आमच्या आंतरराज्य गाड्या थांबल्या, माझ्या जुन्या सोबत्यांना प्रवाशांना मधीच उतरवायला लागलं. डिसेंबरात दोन्ही विधानसभांनी पाच दिवसांच्या अंतरानं एकमेकांविरुद्ध एकमतानं ठराव केले. कर्नाटकात भाजपचं सरकार होतं, महाराष्ट्रात पण भाजप सत्तेत होती. काँग्रेस पण दोन्हीकडं, दोन्ही ठरावांना हात वर केलेली. म्हणजे एकाच पक्षाचा माणूस बेळगावच्या अधिवेशनात म्हणतो एक गाव देणार नाही आणि नागपुरात पण म्हणतो एक गाव सोडणार नाही, आणि गाव एकच. तेव्हा आमच्या तालुक्यातली काही गावं वैतागून म्हणाली की रस्ता नाही, पाणी नाही, आम्ही जातो कर्नाटकात. त्यावर सगळे चिडले. मी नाही चिडलो. त्या रस्त्यानं मी गाडी नेलीय, पावसाळ्यात गाडी रुतली की प्रवासी उतरून ढकलायचे.

ह्या शहरानं मे १९३० ला तीन-चार दिवस इंग्रजाचा अंमल उठवून लावला होता, त्याची किंमत म्हणून मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघं फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. हार घालायला तुम्ही दोघंही जाता, मी बघतो. जमिनीसाठी कोण काय देतं हे ह्या गावाला नव्यानं शिकवायला नको.

म्हणून माझं मागणं असं आहे. तुमच्या पुढच्या जाहीरनाम्यात साध्या मराठीत लिहा की कुठल्या परिस्थितीत तुम्ही बोलणीत जमीन द्यायला तयार व्हाल आणि कुठल्या परिस्थितीत अजिबात नाही. कधीच नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा, पण मग २०१५ ची चूक होती असंही लिहा. देऊ असं लिहिलं तर मी तुम्हाला देशद्रोही म्हणणार नाही, आणि गल्लीत कुणी म्हणालं तर त्याला मी समजावून सांगीन, कूचबिहारची सगळी गोष्ट सांगीन. दुसरं असं की तिथं राहणाऱ्याला आधी विचारायचं, सही करायच्या आधी, मग तो चुशूलचा मेंढपाळ असो नाहीतर रामेश्वरमचा मच्छीमार. आणि जे लिहाल ते विरोधात बसलात तरी बदलायचं नाही. बदलायची वेळ आलीच तर लोकांसमोर येऊन कारण सांगायचं. जमतं हो हे, २२ फेब्रुवारी १९९४ ला नरसिंह रावांच्या वेळी काश्मीरवर संसदेनं एकमतानं ठराव केला, सगळे पक्ष एका बाजूला, आणि तो आजही तुम्ही दोघं आपला म्हणून सांगता की.

तुमच्यातल्या एका तरुण पदाधिकाऱ्याला मी हे तोंडी बोललो होतो, नाव नाही सांगत, चांगला पोरगा आहे. तो म्हणाला मामा, असलं लिहिलं तर मतं जातात. जात असतील. पण त्याच्या सख्ख्या मामाचा पोरगा पण फौजेत आहे, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यावर तो गप्प बसला आणि म्हणाला, वर बोलून बघतो. त्याच्या त्या बोलण्यावरच हे पत्र लिहायला घेतलं.

पुतण्याची सुट्टी येत्या आठवड्यात संपतेय. ह्या वेळेला पोस्टिंग कुठं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. स्टेशनवर सोडायला मीच जाणार आहे. त्याच्या आधी तुमच्यापैकी कुणा एकाचं जरी उत्तर आलं, अर्ध्या पानाचं असलं तरी चालेल, तर गाडी यायच्या आत त्याला वाचून दाखवीन.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, सोलापूर